घराच्या मापाची गाडी

महाराष्ट्रातल्या अनेकांना निर्मल हे नाव रस्त्याच्या पाटीवरून माहीत असतं. कल्याणहून माळशेज घाट चढून नगर, परभणी, नांदेड, भोकर असा येणारा रस्ता कित्येक वर्षं ‘कल्याण-निर्मल महामार्ग’ म्हणूनच ओळखला जायचा. त्याचा जुना क्रमांक २२२, आताचा ६१. आमच्या गावात, म्हणजे निर्मलला, तो श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो. त्यामुळे मोठ्या रस्त्यांची इथं वानवा नाही. पण आमच्या घरातल्या माणसांना जिथं जायचं असतं, तिथवर हे रस्ते पोचत नाहीत.

आमचं शेत भैंसाच्या बाजूला, एका पांदणीच्या टोकाला आहे. बायकोचं माहेर किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळच्या एका वाडीत. आईला वर्षातून एकदा माहूरच्या रेणुकेचं दर्शन हवं असतं, आणि वाटेत झाडाखाली थांबून केलेला स्वयंपाकही. मुलगी पक्षी बघते. मुलाला पाणी दिसलं की काठापर्यंत जायचं असतं. बस जिथं सोडते तिथून पुढची वाट आईच्या गुडघ्यांना झेपेनाशी झाली, तेव्हा मी ठरवलं की पाचही जणांना मुक्कामाच्या सामानासकट पांदणीच्या टोकापर्यंत नेईल अशी गाडी आपणच तयार करायची.

यात हौस होतीच. लहानपणी महबूब घाटातून जंगल खात्याची जीप चढताना दिसली की ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहायचो. त्या जीपचं मूळ विलीज कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्राने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे तिच्याच घराण्यातल्या गाड्या आमच्या भागातल्या बाजारांना, शाळांना, दवाखान्यांना माणसं पोचवत राहिल्या. मी घेतली ती जुनी बोलेरो कॅम्पर. पुढे पाच माणसांची बंद केबिन, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा. तिचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन आजच्या गाड्यांपुढे हळू वाटेल, पण कमी फेऱ्यांवर ते जोर देतं. शिवाय निर्मल, उटनूर, किनवट, कुठंही बंद पडली तरी तिच्यावर काम केलेला मेकॅनिक हाताशी असतो. जंगलाच्या कडेनं फिरणाऱ्या गाडीत हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

काम सुरू करण्याआधी मी कायदा वाचला, आणि हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पुढच्या बाजूला लावायच्या जाड लोखंडी बुलबारला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली होती. त्याची धडक पायी चालणाऱ्याला जास्त घातक ठरते, आणि गाडीत एअरबॅग असेल तर त्या एअरबॅगच्या कामात अडथळा येतो. माझी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीची, आणि आठ वर्षं ओलांडलेली. म्हणजे फिटनेसची तपासणी दरवर्षी. त्यामुळे पहिल्याच दिवशी नियम ठरला: चासीस कापायची नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही. हौद्यात जे काही बसेल ते नट-बोल्टवर बसेल आणि तपासणीच्या आदल्या दिवशी उतरवता येईल. या नियमानं आमचा पैसाही वाचला. जे उतरवून ठेवावं लागणार, ते माणूस मोजूनच घेतो.

गॅरेज महामार्गाच्या कडेला होतं. तिथल्या उस्तादांनी आयुष्यभर लाकडाचे आणि कापसाचे ट्रक दुरुस्त केलेले. त्यांची भाषा दख्खनी, मधूनच तेलुगू, आणि माझ्याशी बोलताना थोडी मराठी. मी मनातली यादी वाचून दाखवली: उंच टायर, छतावर कॅरिअर, त्यावर तंबू, पुढे विंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘वजन नक्को बढाओ.’’ मग खाली वाकून मागच्या आसाच्या हाउसिंगचा गोळा दाखवला. गाडीचं सगळ्यात खालचं टोक तेच असतं. दगड लागतो तो तिथंच.

मी घरी येऊन हिशेब केला. माझ्या गाडीला २१५/७५ आर १५ मापाचे टायर होते. त्यांचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ घेतले तर व्यास ७३३ होतो, म्हणजे तीस मिलिमीटर जास्त. पण हाउसिंग चाकाच्या मध्यावर असल्यामुळे जमिनीपासून ते निम्म्यानंच, जेमतेम दीड सेंटिमीटरनं वर जातं. तेवढ्यासाठी इंजिनावर बोजा वाढतो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि काटा साठ दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात बासष्टच्या पुढे धावते. मी माप तेच ठेवलं आणि फक्त नक्षी बदलली. डांबरी रस्त्यावरही नीट चालतील आणि दगडावर कापले जाणार नाहीत असे ऑल टेरेन टायर घेतले.

खरा खर्च झाला तो बाहेरून न दिसणाऱ्या कामांवर. मागचे स्प्रिंगचे पाटे सोडवले. ते जवळपास एक टन माल वाहायला बनवलेले असतात. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं त्यांची कमान बसली होती. ती परत घडवून घेतली, बुश आणि यू-बोल्ट नवे घातले, शॉकअप बदलले. ब्रेकच्या नळ्या, क्रॉस, चाकांचे बेअरिंग, रेडिएटरचे पाईप, सगळं उघडून पाहिलं. ट्रान्स्फर केसचं तेल बदललं आणि लो गिअर कसा पडतो ते उस्तादांनी मला स्वतः चालवून दाखवलं. लो गिअरमध्ये चाकांचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग तेवढाच उतरतो, म्हणून उतारावर ब्रेकला पाय न लावताही गाडी चालत्या माणसाच्या गतीनं खाली येते. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली: कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडायची नाहीत. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचं अंतर सारखं नसतं. मातीत चाक थोडं घसरून तो फरक सोडून देतं, डांबरावर तो सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो.

गाडी गॅरेजमधून घरी आली. आई ओसरीवरून उतरली, हळूहळू गाडीभोवती फिरली, दरवाजाला हात लावला आणि म्हणाली, ‘‘तुझी गाडी डोंगर चढंल रे बाळा, पण मी गाडीत कशी चढू?’’

त्या प्रश्नानंतर पुढचं सगळं काम बदललं. छतावरच्या तंबूचा विचार मी तिथंच सोडला. शिडी चढून झोपायला जाणं आईला शक्य नव्हतं, आणि डोक्यावरचं वजन तिरप्या वाटेवर गाडीला उलटवायला बघतं. आधी पायरी झाली. दाराखाली बोल्टनं बसणारी, दुमडून वर जाणारी, खडबडीत पत्र्याची. दाराच्या आतल्या कडेला हातानं धरायची कडी. मग आईला बसवून पाहिलं, उतरवून पाहिलं, पायरी दोन बोटं खाली घेतली, पुन्हा पाहिलं. मागच्या बाकावर खिडकीची जागा तिची ठरली आणि पायाखाली एक लाकडी पाट आला, कारण पाय लोंबकळत राहिले की तिचे गुडघे भरून येतात. हे पाटाचं काम सर्वांत स्वस्त होतं, आणि आज विचारलं तर सगळ्यात उपयोगी तेच.

हौद्याचा ताबा बायकोनं घेतला. तिनं मला फाळका उघडायला लावला, समोर उभी राहिली आणि हात पुढे केले. फाळका बरोबर तिच्या कमरेला येत होता. म्हणाली, ‘‘अहो, ओटा तर तयारच आहे. शेगडी इकडे, पाणी तिकडे, आणि मला वाकायला लावू नका.’’ त्यावरून दोन लांब खण झाले, प्लायवूडचे, कडांना अॅल्युमिनियमची पट्टी आणि आतून-बाहेरून रंगाचे हात. उजव्या खणात पाच किलोचा छोटा सिलिंडर, शेगडी, परात, तवा, पीठ, तिखट-मिठाचे डबे. डाव्या खणात दोर, फावडं, जॅक, हवा भरायचा पंप. पाण्याची टाकी केबिनला लागून, हौद्याच्या तळाशी, कारण जड वस्तू जितकी खाली आणि मागच्या चाकांच्या जितकी पुढे, तितकी गाडी स्थिर. या सगळ्या सामानाचं वजन कायम हौद्यात राहतं, त्यामुळे रिकाम्या पिकअपचे ताठ पाटे जो धक्का देतात तो आम्हाला बसत नाही. वर ताडपत्रीची कमान. ती मागे ओढून दोन बांबूंवर ताणली की ओसरी होते. मुलीनं दिवा पिवळा मागितला. पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात हे तिनं मला शिकवलं.

हौद्यात माणसं बसवायची नाहीत, हा नियम मात्र मी कुणासाठीही मोडत नाही. मुलांनी हट्ट केला, पाहुण्यांनी केला. माणसं केबिनमध्ये, पट्टा लावून. आमची गाडी पाचजणांची आहे.

निर्मलची गाडी म्हटल्यावर तिच्यावर निर्मलचा हात फिरायलाच हवा होता. आमच्या गावच्या नक्काशांची लाकडी खेळणी दूरदूर जातात. पोनिकी नावाच्या झाडाचं लाकूड वजनाला अगदी हलकं. ते कोरून तुकडे जोडायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा वापरतात, वर लेप देऊन घासतात आणि मग रंग. फळं, पक्षी, प्राणी असे खरे वाटतात की लहान मूल सीताफळ तोंडाला लावतं. मी एका नक्काश काकांना विचारलं, खण पोनिकीचे करता येतील का. त्यांनी लाकडाचा तुकडा माझ्या हातात देऊन नखानं दाबायला सांगितलं. नख उमटलं. ‘‘हे हातात घ्यायचं लाकूड आहे, ओझं उचलायचं नाही,’’ ते म्हणाले. पोनिकीची झाडं आता जंगलात शोधावी लागतात, हेही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी स्वयंपाकाच्या खणाच्या दर्शनी फळीवर एक राघू आणि सीताफळाची फांदी रंगवून दिली. मुक्कामाच्या ठिकाणी फाळका उघडला की आजूबाजूची लेकरं आधी राघू बघायला येतात आणि मग त्यांच्या आया चहाला थांबतात.

गाडीची पहिली परीक्षा शेतातच झाली. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळालं की फुगते. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि टायरच्या खाचा अशी भरून टाकते की चाक गुळगुळीत होतं. अशा वेळी चारही चाकं फिरली तरी उपयोग होत नाही, गाडी फक्त खोल जाते. यावर उपाय शेतकऱ्याला आधीपासून माहीत आहे. वापसा येईपर्यंत थांबायचं. पाऊस उघडल्यावर पाऊल टाकून बघायचं, माती पायाला चिकटली तर गाडी पांदणीच्या तोंडाशीच ठेवायची. अडकण्याची भीती हे एकच कारण नाही. ओल्यात पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात, आणि मग शेजाऱ्याच्या बैलांचे पाय त्यात मुरगळतात. आपल्या मौजेसाठी दुसऱ्याची वाट नासवायची नाही.

वापसा असला तरी एखादा ओला पट्टा लागतोच. तिथं टायरची हवा पस्तीसवरून विसाच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि मातीवरचा भार वाटला जातो. ते काम मुलाचं. हवा मोजायची काडी त्याच्या खिशात असते, चारही चाकांचे आकडे तो मोठ्यानं सांगतो, आणि डांबर लागण्याआधी पंपानं हवा परत भरल्याशिवाय मला पुढे जाऊ देत नाही. जॅकखाली घालायला जाड फळीचा चौकोनी तुकडा ठेवला आहे, नाहीतर काळ्या मातीत गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. गाडी ओढायचा दोर नेहमी चासीसच्या हुकाला, बंपरला कधीच नाही, आणि दोर ताणला असताना सगळी माणसं लांब.

पाण्याच्या बाबतीत आमचा नियम आणखी कडक आहे. जुलै २०२२ मध्ये कडेम नदीला असा पूर आला की कडेम धरणाच्या अठरा दरवाजांना तो पेलेना. एक दरवाजा उघडतच नव्हता. खालच्या गावांतली माणसं घरं सोडून निघाली. रात्रभर आमच्या घरातही कुणी झोपलं नाही, कारण त्या गावांत आमची माणसं होती. धरण वाचलं. ज्यानं तो पूर पाहिला, तो वाहत्या पाण्यात गाडी घालण्याला धाडस म्हणणार नाही. गुडघ्याच्या थोडं वर असलेलं वाहतं पाणीही एवढ्या गाडीला उचलून बाजूला नेऊ शकतं. म्हणून इंजिनाची हवा छतापर्यंत नेणारा स्नॉर्कल मी बसवलाच नाही. ओढ्यात तळ दिसत असेल, पाणी शांत असेल आणि मी आधी चालत पलीकडे जाऊन आलो असेन, तरच गाडी उतरते. नाहीतर अलीकडच्या काठावर चहा होतो.

या गाडीनं आम्हाला काय दिलं ते सांगायला सहस्रकुंडचा मुक्काम पुरेसा आहे. पैनगंगा तिथं काळ्या खडकातून उडी घेते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. सासुरवाडीच्या शेतात गाडी लावली, ताडपत्री ताणली. आईनं पाटावर बसून पिठलं केलं, सासूबाईंनी भाकऱ्या थापल्या. दोघींचं हे असं निवांत बसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं, कारण एकीला दुसरीच्या शेतापर्यंत पोचताच येत नव्हतं. मुलगी पहाटेच दुर्बीण घेऊन बांधावर गेली. आई रात्री बाजेवर झोपली, आम्ही जमिनीवरच्या तंबूत. बांधलेल्या गाडीचं सार्थक मला कुठल्या चढावर वाटलं नाही, त्या दोन म्हाताऱ्या बायांच्या गप्पांत वाटलं.

जंगलाशी वागताना आम्ही मर्यादा पाळतो. कव्वाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जन्नारमकडे जाताना त्याच्या हद्दीतून रस्ता जातो. तिथं आमची चाकं रस्ता सोडत नाहीत, हॉर्न वाजत नाही, आणि मुक्काम ठरलेल्या ठिकाणीच. आपली गाडी कुठंही जाऊ शकते याचा अर्थ तिनं कुठंही जावं असा नाही. कुंतला धबधब्यालाही गाडी वर थांबते आणि आम्ही पायऱ्या उतरतो. आई वरूनच आवाज ऐकते आणि त्यात समाधानी असते.

पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलो, तेव्हा माझ्या सगळ्या खटाटोपाला एक जुनी ओळख मिळाली. मेस्राम घराण्याची गोंड कुटुंबं तिथं परंपरेनं बैलगाड्यांतून येतात. त्यांची माणसं गोदावरीचं पाणी आणायला दूरवर पायी जातात आणि जत्रेआधी सगळे वडाखाली उतरतात. एका गाडीत आजी, लेकरं, भांडी, धान्य, पांघरुणं. उंच चाक, त्यामुळे वर राहणारा आस, आणि गाडीवानाला पाठ असलेली वाट. तिथं उभं राहून मला कळलं की या भागात कुटुंब घेऊन कच्च्या वाटेनं मुक्कामाला निघणं ही काही मी काढलेली नवी गोष्ट नाही. मी त्याच रीतीत एक इंजिन आणलं. आणि ती रीत घरातल्या सगळ्यांना घेऊनच निघते.

कुणी अशी गाडी बांधायचं मनात धरलं असेल तर माझं सांगणं एवढंच आहे. वस्तूंची यादी करण्याआधी उभ्या गाडीत घरातल्या सगळ्यात थोरल्या आणि सगळ्यात धाकट्या माणसाला चढवून, बसवून, उतरवून बघा. फाळक्यावर एकदा चहा करून बघा. आपल्या मातीवर पाऊस पडल्यावर काय होतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. मग पैसा घाला तो टायरांत, पाट्यांत आणि ब्रेकमध्ये. माझ्या मुलीला आता लायसन्स मिळालं आहे. पांदणीत लो गिअरमध्ये ती गाडी चालवते आणि आजी तिच्या शेजारी बसून खड्डे दाखवते. तिनं क्लच, गिअर आणि माती, तिन्ही नीट शिकावं आणि पुढच्या वर्षी माहूरला तिनंच आम्हाला न्यावं, असं आम्ही ठरवलं आहे.